परळची सप्तमूर्ती आणि आमच्या विहिरीचा दगड

गिरगावातील आमच्या वाडीत, विहिरीच्या कठड्याला टेकून, एक उभा दगड आहे. उंचीने तो कमरेएवढा असेल. वरच्या भागात सूर्य, चंद्र आणि मध्ये कलश. त्याखाली झिजून गेलेल्या अक्षरांच्या ओळी. आणि अगदी तळाशी, जेथे पाणी सांडून शेवाळ धरते, तेथे काहीतरी कोरलेले आहे ते काय, हे आमच्या लहानपणी कोणी सांगत नसे. माईआत्या, म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, आज पंच्याऐंशी वर्षांची आहे. जेव्हापासून मला आठवते तेव्हापासून ती रोज सकाळी ह्या दगडावर तांब्याभर पाणी घालून त्यास हळदकुंकू वाहत आली. तिच्या लेखी ती विहिरीवरची देवी. घरातील लग्नमुंजींत देवीस पहिला नारळ मिळाल्यावाचून मांडवास हात लागत नसे.

आता वाडी पाडावयाची ठरली. गिरगावात राहणाऱ्या वाचकांस ह्याचे अधिक वर्णन करून सांगावयास नको. ज्यांच्या वाड्या अजून उभ्या आहेत त्यांच्याकडेही नकाशे घेऊन माणसे येतच असतील. बैठका झाल्या, सह्या झाल्या, कोणास किती चौरस फूट हे ठरले, आणि शेवटच्या बैठकीत माईआत्येने विचारले, "आणि देवी कोठे जाणार?" बांधकामाच्या गृहस्थांनी मोठ्या अदबीने सांगितले की, नव्या इमारतीच्या दर्शनी भागात संगमरवरी देव्हारा करून दगड त्यात बसवू; "अँटिक पीस आहे, शोभा येईल." ह्यावर माझा पुतण्या, जो वकिलीच्या शेवटच्या वर्षात आहे, एकदम म्हणाला, "हा दगड आपला आहे, हे तरी कोणी ठरवले?"

त्या एका प्रश्नाने घरातील आठ दिवस गेले. रात्री जेवणे झाल्यावर पुतण्याने आम्हांस १९७२ सालचा पुरावस्तू व कलानिधी अधिनियम वाचून दाखविला. शंभर वर्षांहून जुने असलेले शिल्प, नाणे, कोरीव लेख ही सर्व 'पुरावस्तू' होत. हस्तलिखितांस पंचाहत्तर वर्षे पुरेत. हा कायदा ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. दगडी शिल्प ज्याच्या ताब्यात असेल त्याने त्याची नोंदणी करावी, ते दुसऱ्यास दिल्यास तसे कळवावे, परवान्यावाचून विकू नये, आणि देशाबाहेर तर ते सरकारखेरीज कोणी नेऊच नये. नोंदणी न केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, शिवाय वस्तू जप्त होण्याजोगी. अण्णा, म्हणजे माझे थोरले चुलते, चाळीस वर्षे हिशेबतपासनीस होते. आयुष्यात त्यांनी कराचा हप्ता एक दिवस चुकविला नाही. ते ऐकून त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे आपण पन्नास वर्षे गुन्हेगार?" एवढेच ते बोलले. माईआत्या मात्र म्हणाली, "देवीची नोंदणी कसली? ती काय रेशनकार्डावर यायची आहे?"

वाद मिटेना तेव्हा अण्णांनीच सुचविले की, परळास जाऊन बारादेवीची मूर्ती पाहून यावे. जमिनीतून निघालेल्या देवाचे पुढे काय होते ह्याचा मुंबईतील सर्वांत मोठा दाखला तोच. महाशिवरात्र होऊन गेलेली होती. एका रविवारी सकाळी अण्णा, पुतण्या, मी आणि हट्टाने बरोबर निघालेली माईआत्या असे चौघे निघालो.

परळ हे आता रुग्णालयांचे आणि मनोऱ्यांचे परळ आहे. केईएमच्या आणि वाडियाच्या दारांशी गावोगावचे आप्तेष्ट पथाऱ्या टाकून बसलेले असतात, आणि त्यांच्या डोक्यांवरून गिरण्यांच्या जागी उठलेल्या काचेच्या इमारती दिसतात. १९८२ च्या संपानंतर धुराडी एकेक थंड झाली. लालबाग-परळच्या चाळींतून कोकणातली आणि घाटावरची माणसे पांगली. पण मधल्या गल्ल्यांत शिरले की, परळ हे एके काळी गाव होते ह्याची खूण अजून पटते. गावदेवी आहे, मारुती आहे, आणि बारादेवीही आहे.

मूर्ती मंदिराच्या आवारात स्वतंत्र खोलीत आहे. जाळीतून डोळे अंधारास सरावेपर्यंत काहीच दिसत नाही. मग एक पांढुरका दगड पुढे येऊ लागतो. घारापुरीच्या लेण्यांचा काळा पाषाण ज्यांनी पाहिला आहे त्यांस हा फिका रंगच प्रथम चकित करतो. माणसाच्या जवळजवळ दुप्पट उंचीची ही एकच शिळा आहे. मध्यभागी शिव उभा आहे, शांत, दोन हातांचा. त्याच्या पाठीमागून, खांद्यांवरून उगवावा तसा दुसरा शिव वर निघालेला आहे. त्याच्याही मागून तिसरा, आणि ह्या सर्वांत वरच्यास दहा हात पंख्यासारखे पसरलेले आहेत. मधल्या दोघांच्या अंगांतून, झाडास फांद्या फुटाव्यात तशा, डावीउजवीकडे आणखी चार मूर्ती कलत्या निघाल्या आहेत. असे सात शिव. मुद्रा बहुतेक सारखी, जटा सारख्या, कोणाच्याही तोंडावर श्रम नाहीत. सगळा समूह मिळून बाह्यरेषेने लिंगाचा आकार होतो हे अण्णांनी दाखवून दिल्यावर मग दुसरे काही दिसेना. पायथ्याशी पाच गण वाद्ये घेऊन बसलेले आहेत, त्यामुळे काही अभ्यासकांनी ह्या सातांत सप्तस्वर पाहिले. खालचे काम थोडे अपुरे राहिलेलेही वाटते. कारागीर कोठे गेले, का थांबले, कोण जाणे. काळ पाचव्या-सहाव्या शतकाचा मानतात, म्हणजे घारापुरीच्या महेशमूर्तीच्या आगेमागे.

सात शिव आणि पाच गण मिळून बारा होतात. बारादेवी ह्या नावाशी हा हिशेब मोठा चमत्कारिक जुळतो. शिवाच्या सात मूर्तींना आणि पाच वाजंत्र्यांना मिळून ज्या लोकांनी देवी म्हणून ओटी भरली असेल त्यांस हसावे असे मला त्या क्षणी मुळीच वाटले नाही, कारण माझ्या शेजारी माईआत्या हात जोडून उभी होती, आणि आमच्या विहिरीवरील 'देवी' काय आहे हे मला एव्हाना ठाऊक झाले होते.

ही शिळा १९३१ साली परळ-शिवडीच्या बाजूस रस्त्याचे काम चालू असता जमिनीत सापडली. कुदळ प्रथम कोणाची लागली त्याचे नाव इतिहासाने ठेवलेले नाही. दीड हजार वर्षांचे शिल्प ज्यांच्या हातांनी प्रकाशात आले ते मजूर त्या दिवसाची मजुरी घेऊन घरी गेले असतील. लोकांनी मूर्ती जवळच्या देवळात आणली. ती कोटातील वस्तुसंग्रहालयात न्यावी असा विचार निघाला तेव्हा परळच्या लोकांनी ती देण्याचे नाकारले, असे सांगतात. संग्रहालयास प्लास्टरचा ठसा मिळाला, तो आजही तेथे आहे. मूळ मूर्ती परळातच राहिली आणि आता ती केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत आहे. म्हणजे मालकी, पूजा आणि पहारा ह्या तीन गोष्टी तीन हातांत आहेत. हे गैरसोयीचे आहे खरे. पण मला ते फारसे वाईट वाटत नाही.

परतताना बसमध्ये पुतण्याने कायद्याची मागची पाने उलगडली. १९३१ साली लागू असलेला कायदा १८७८ चा, गुप्तधनाचा. जमिनीत दडलेली कोणतीही मूल्यवान वस्तू म्हणजे गुप्तधन. तिची किंमत दहा रुपयांहून अधिक असली तर सापडवणाऱ्याने कलेक्टरास लेखी कळवावे, वस्तूचे वर्णन, अदमासे किंमत, जागा व तारीख द्यावी, आणि ती सरकारी खजिन्यात ठेवावी किंवा तिच्याबद्दल जामीन द्यावा. मग कलेक्टर जाहीर सूचना काढणार; चार ते सहा महिन्यांच्या अंतराने दिवस नेमून हक्क सांगणाऱ्यांस बोलावणार. गेल्या शंभर वर्षांत आपण किंवा आपल्या पूर्वजांनी ते पुरले असे कोणी सिद्ध केले नाही तर धन बेवारशी ठरणार, आणि दुसरा काही करार नसल्यास तीन हिस्से सापडवणाऱ्यास व एक हिस्सा जमिनीच्या मालकास. सरकारास वस्तू हवी असेल तर द्रव्याची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन ती घेता येई. हा कायदा आजही पुस्तकात आहे.

वाचक मनाशी हिशेब करून पाहोत. सोन्याच्या मोहरांचा हंडा निघाला तर हा कायदा बरा. सोन्याचा भाव असतो, त्याचा पाचवा हिस्सा काढता येतो. पण शिवाच्या शिळेतील 'द्रव्या'ची किंमत काय? पांढऱ्या दगडाची, वजनावर? आणि तिचे चार हिस्से कसे करावयाचे? १८७८ च्या कायदेकारांच्या डोळ्यांपुढे नाणी होती. देव त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हता.

देवाविषयी न्यायालये पुढे बोलली. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे कलकत्त्याच्या मल्लिक घराण्याचा दावा आला होता. एका शाखेस आपल्या पूजेच्या पाळीत कुलदैवत उचलून आपल्या घरी न्यावयाचे होते. निर्णय असा झाला की, मूर्ती ही केवळ जंगम मालमत्ता नव्हे; ती कोठे असावी ह्याविषयी तिची स्वतःची इच्छा असते असे मानून तिचा मान राखला पाहिजे, आणि तिच्या वतीने बोलण्यास ज्याचा स्वतःचा स्वार्थ नाही असा माणूस नेमला पाहिजे. शिवाय, त्या दाव्यात घरातील स्त्रियांस बाजूस ठेवले होते, त्यांनाही आपले म्हणणे मांडू द्यावे असे न्यायाधीशांनी सुचविले. पुतण्याने हे सांगताच माईआत्या खिडकीबाहेर पाहत होती ती वळली. "विलायतेतल्या लोकांना एवढे कळले होते?" एवढे बोलून ती पुन्हा बाहेर पाहू लागली. पण त्या दिवसापासून घरातील चर्चेत तिचा आवाज निश्चित चढला.

ह्याच तत्त्वाचा पुढचा चमत्कार तमिळनाडूच्या पत्तूर गावचा. १९७६ साली तेथे एका मजुराच्या कुदळीस काशाचा नटराज लागला. तो हातोहात विकला जाऊन लंडनला पोहोचला. खटला झाला, आणि १९९१ साली तेथील वरिष्ठ न्यायालयाने मान्य केले की, गावातले पडके देऊळही आपल्या नटराजासाठी दावा सांगू शकते. नटराज परत आला. पुतण्या हे सांगताना फार खूष होता. अण्णा मात्र म्हणाले, "मजुराने कलेक्टरास कळविले असते तर त्यास काय मिळाले असते, तेही सांग." पुतण्याने उत्तर दिले नाही.

भायखळा आला. राणीच्या बागेशी, भाऊ दाजी लाड ह्यांच्या नावाच्या संग्रहालयाबाहेर, घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटास एलिफंटा म्हटले तोच. १८६४ मध्ये तो विलायतेस नेण्याचा बेत झाला. उचलताना तो निसटला आणि फुटला. तुकडे मुंबईत आणून पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी ते जोडण्यात आले. आज मुले त्याच्याजवळ उभी राहून फोटो काढतात. यारी तुटली नसती तर तो आज थेम्सच्या काठी असता. तुटल्यामुळे मुंबईत आहे, पण घारापुरीस नाही. ह्या बेटावरील लेख असलेला एक दगड त्याच्याही आधी पोर्तुगालच्या राजाकडे धाडला गेला होता. तो कोणासच वाचता आला नाही आणि पुढे नाहीसा झाला.

आणि पंडित भगवानलाल इंद्रजींचे काय? भाऊ दाजींनी जुनागडाहून आणलेला हा तरुण वाळकेश्वरी राहिला आणि पश्चिम हिंदुस्थानातील लेख वाचण्यात त्याने आयुष्य घातले. १८८२ मध्ये नालासोपाऱ्याचा स्तूप त्यांनी उघडला. आत दगडी पेटी, तीत एकात एक ठेवलेले तांब्याचे, चांदीचे, स्फटिकाचे व सोन्याचे करंडक आणि भिक्षापात्राचे तुकडे निघाले. ते टाउन हॉलमधील एशियाटिक सोसायटीच्या हवाली झाले. परंतु ह्याच भगवानलालांना १८६९ साली मथुरेस शीतलेच्या ठाण्याच्या पायऱ्यांत बसविलेला, खरोष्ठी लेखाचा, दोन सिंहांचा स्तंभशीर्ष आढळला होता; तो त्यांनी मिळविला, आणि १८८८ साली निवर्तताना आपल्या मृत्युपत्राने तो ब्रिटिश म्युझियमला दिला. तेथे तो आहे. त्यांच्याविषयी माझ्या मनात अतिशय आदर आहे, आणि तरीही शीतलेच्या भक्तांस त्या सकाळी पायरीच्या जागी खड्डा दिसला असेल हे मनातून जात नाही.

आता आमच्या दगडाविषयी. पुतण्याच्या ओळखीने पुरातत्त्वाच्या एक विदुषी बाई घरी आल्या. त्यांनी तळाचे शेवाळ हलक्या हाताने पुसले, पाहिले, आणि माईआत्येकडे पाहून त्या किंचित लाजल्या. हा गाढवाचा दगड, ज्यास गद्धेगाळ म्हणतात. शिलाहार राजांच्या काळापासून कोकणात व घाटावर असे दगड दानाच्या जमिनीवर उभे करीत. वर सूर्यचंद्र, म्हणजे ते आकाशात आहेत तोपर्यंत हे दान चालेल. मध्ये दानाचा लेख. आणि तळाशी जो कोणी हे दान मोडील त्याच्या मातेविषयी गाढवाशी संबंध जोडलेली शिवी, चित्ररूपाने, म्हणजे ज्यास अक्षर येत नाही त्यासही समजावे. परळ येथेच सापडलेल्या, इ. स. ११८७ च्या, शिलाहार अपरादित्याच्या शिलालेखात ही शिवी चक्क मराठीत लिहिलेली आहे. वैद्यनाथ देवाच्या पंचोपचार पूजेसाठी साष्टीतील एका वाडीच्या उत्पन्नापैकी चोवीस द्रम्म लावून दिल्याचा तो लेख. दानाचा भाग संस्कृतात आणि शिवी प्राकृत जनांच्या भाषेत. आपल्या मायबोलीच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत ह्या ओळीची गणना होते. पण ती ओळ कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या मासिकात छापण्याजोगी नाही. जिज्ञासूंनी ग्रंथालयात पाहावी, व शक्यतो एकट्याने पाहावी.

गावोगाव ह्या दगडांस लोकांनी देव केले आहे, असेही बाईंनी सांगितले. कोठे शेंदूर फासतात, कोठे नवस बोलतात. कोठे अपशकुनी म्हणून पालथा घालतात. माईआत्येला हे सांगावे की न सांगावे ह्यावर स्वयंपाकघरात कुजबुज झाली. शेवटी वहिनींनी सांगितले. आत्या पुष्कळ वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "म्हणजे दुसऱ्याचे घेऊ नका असे सांगणारा दगड आहे. मग त्याला नमस्कार केला तर काय बिघडले?"

परंतु तो दगडच आम्ही दुसऱ्याचा घेतला होता. हे आजोबांच्या टिपणवहीत निघाले. आजोबा शाळामास्तर होते आणि राजवाड्यांचे भक्त. सुट्टी लागली की, साष्टीतील खेडी पायी हिंडत, जुने कागद मागत, देवळांतील लेखांचे ठसे घेत. सन १९३४ च्या वैशाखातील नोंदीत त्या दगडाचे मापासह वर्णन आहे: शेताच्या बांधावर अर्धा पुरलेला, खणून मोकळा केला, बैलगाडीने स्टेशनापर्यंत आणविला. नंतर एक ओळ आहे, ती मी जशीच्या तशी अण्णांस वाचून दाखविली: 'धनी एका रुपयास कबूल; त्याची म्हातारी रडत होती.' बस्स, पुढे गाडीभाड्याचा हिशेब.

अण्णांनी वही माझ्या हातून घेतली आणि ती ओळ पुन्हा वाचली. आजोबांवर आमची सर्वांची नितांत भक्ती. त्यांनी तो दगड विकण्यासाठी आणला नव्हता; बांध फोडताना तो फुटेल, कोणी पायरीस लावील, ही त्यांस भीती होती, आणि त्या काळी ती खोटी नव्हती. वहीत ठसाही डकवलेला आहे. त्यात अकरा ओळी आहेत, आणि निम्म्याअधिक अक्षरे स्पष्ट आहेत. आज दगडावर तीन ओळींची जेमतेम खूण उरली आहे. बाकीच्या आठ ओळी बांध फोडणाऱ्याने नेल्या नाहीत. आमच्या नव्वद वर्षांच्या तांब्याभर पाण्याने, हळदीने, नारळाने आणि पोरांनी त्यावर पाय देऊन विहिरीत डोकावण्याने नेल्या. हे मी माईआत्येस सांगितले नाही. तिच्या ते ध्यानात आले असावे. दुसऱ्या दिवसापासून तिने पाणी दगडाच्या पायाशी घालण्यास आरंभ केला.

कायद्यात ह्या गुंत्यास एक फट ठेवलेली आहे. सरकारास पुरावस्तू सक्तीने संपादन करता येते, पण जी वस्तू धार्मिक आचारासाठी खरोखरच वापरात आहे तिला हा अधिकार लागू नाही. पुतण्याचे मत पडले की, ह्या कलमाच्या आधारे आपण दगड बिनधास्त ठेवू शकतो. फक्त उशिरा का होईना, नोंदणी करून घ्यावी. बाईंचे मत निराळे होते. लेखाचा दगड संग्रहालयात गेला तर उरलेल्या तीन ओळी तरी टिकतील. अभ्यासकांस पाहता येईल. आजोबांचा ठसा त्याच्या शेजारी लावता येईल. मला त्यांचे म्हणणे पटले. परंतु वहीतील म्हातारीचे काय? तिच्या वतीने बोलण्यास कोणीच नेमलेला नव्हता.

येथे मला दायमाबादची गोष्ट आठवली. अहमदनगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) प्रवरेच्या काठी, १९७४ साली, छबू लक्ष्मण भिल्ल ह्या रहिवाशास झुडपाची मुळे खणताना काशाच्या चार वस्तू सापडल्या: बैलांचा रथ आणि त्यात उभा माणूस, गेंडा, हत्ती आणि रेडा. सर्वांचे वजन मिळून साठ किलोंहून अधिक. मोडीच्या भावाने विकल्या असत्या तर एका गरीब घराचे वर्ष सुखात गेले असते. त्या वितळल्या नाहीत, संग्रहालयांत पोहोचल्या, आणि ताम्रपाषाणयुगाच्या इतिहासात त्यांच्या काळावरून पंडितांचे वाद झाले. पंडितांच्या लेखांत सापडवणाऱ्याचे नाव आले आहे, ही गोष्ट मला लहान वाटत नाही. परळच्या मजुरांस तेवढेही मिळाले नाही. अमेरिकेने १९९० मध्ये कायदा करून तेथील मूळच्या जमातींच्या पूर्वजांच्या अस्थी व पवित्र वस्तू संग्रहालयांनी त्यांस विचारून परत कराव्यात असे ठरविले. आपल्याकडचा कायदा वस्तू जमिनीतून कोणाच्या हाती जाते हे पाहतो. ती कोणाच्या श्रद्धेतून उचलली जाते हे विचारणारे कलम त्यात मला आढळले नाही.

आणखी एक गोष्ट ओघात आली म्हणून सांगतो. आमच्या वाडीखालून आता भुयारी रेल्वे जाते. परळात, लालबागेत, दादरास, जेथे पाहावे तेथे तीन-तीन मजले खोल पाये खणले जात आहेत. अथेन्सला भुयारी रेल्वे करताना आधी पुरातत्त्वज्ञ उतरले आणि निघालेल्या वस्तू स्थानकातच मांडल्या गेल्या. लंडनलाही नव्या भुयारी मार्गाच्या कामात असेच झाले. आमच्या पायासाठी यंत्र येईल ते एका रात्रीत माती काढून ट्रकांत भरील. मी बांधकामाच्या गृहस्थांस विचारले की, काही निघालेच तर? ते हसले आणि म्हणाले, "काही निघत नाही, साहेब. निघाले तरी निघत नाही."

शेवटी निर्णय अण्णांनी घेतला. अर्थात माईआत्येच्या संमतीने. त्यांनी पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्यांस पत्र लिहिले, उशीर झाल्याचे स्पष्ट कबूल केले, आजोबांच्या वहीतील पानाची प्रत जोडली; म्हातारीच्या ओळीसकट. ती ओळ झाकून प्रत काढावी असे पुतण्याने सुचविले होते. अण्णा म्हणाले, "हिशेबात एक रुपया दाखवायचा आणि दुसरी रक्कम दाखवायची नाही, असे मी कधी केलेले नाही."

मग अण्णा आणि मी त्या गावी गेलो. गाव असे आता नाही. उपनगरातील एका मोठ्या रस्त्याच्या मागे गावठाण उरले आहे, दहावीस कौलारू घरे आणि एक गावदेवीचे देऊळ. बांध कोठे होता तेथे वाहने उभी करण्याची तीन मजली इमारत आहे. देवळात काही वृद्ध मंडळी पत्ते खेळत होती. आम्ही वही दाखविली, छायाचित्र दाखविले. बहुतेकांस काही ठाऊक नव्हते. एक आजी आतून आल्या, त्यांनी छायाचित्र डोळ्यांजवळ धरले आणि म्हणाल्या की, आमच्या सासूबाई सांगत, शिवेवरचा राखण्या मुंबईचा मास्तर घेऊन गेला, तेव्हापासून शीव सुनी झाली. अण्णांनी टोपी काढून हातात घेतली. आजींनी आम्हांस चहा दिला. परत द्याल काय, असे त्यांनी विचारले नाही. कोठे ठेवला आहे, उन्हात की सावलीत, एवढेच विचारले.

नोंदणीसाठी छायाचित्रे काढावयास मनुष्य आला त्या दिवशी माईआत्या पहाटेच उठली होती. कुंकू पुसून टाकावे की राहू द्यावे, असे तिने त्यास विचारले. तो म्हणाला, पुसलेले एक काढतो आणि लावलेले एक काढतो. अर्जात 'वस्तू कोठून प्राप्त झाली' ह्या रकान्यात अण्णांनी त्या गावाचे नाव घातले. दगड गावदेवीच्या देवळात, छपराखाली, पाणी लागणार नाही अशा ओट्यावर ठेवावा, हस्तांतर खात्यास रीतसर कळवावे आणि आजोबांच्या ठशाची एक मोठी प्रत शेजारी लावावी, असे तेथील मंडळींशी आता ठरले आहे. बाईंस हे सर्वस्वी पसंत नाही, आणि त्यांची शंका मी निराधार म्हणत नाही.

काल रात्री माईआत्येने मला हाक मारली. तिने पिशवी भरून ठेवली होती: खण, नारळ, तांब्याचा जुना तांब्या. "मी येणार आहे बरोबर," ती म्हणाली, "पण तेथे विहीर आहे का रे?"

मी सांगितले, विहीर बुजवली आहे, देवळामागे नळ आहे. तिने थोडा विचार केला, आणि तांब्या पिशवीतून काढून परत फळीवर ठेवला.